पाच नंबरचा फीडर

गुणवंत खोब्रागडे मुळात भित्रा माणूस नव्हता. नागपूरला असताना भर पावसात खांबावर चढून त्याने तुटलेल्या तारा जोडल्या होत्या. पण पंच्याण्णव सालच्या त्या जूनमध्ये त्याला माणसांची भीती बसली. पुढे जे घडलं ते तिथूनच सुरू झालं.

राजधानीच्या विमानतळाच्या पश्चिमेला तेव्हा नवी उपनगरी उठत होती. शेतांमधून रुंद रस्ते आखले होते, सहकारी सोसायट्यांच्या सहा-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि निम्म्या फ्लॅटांना अजून कुलपं होती. तिथल्या एका सबस्टेशनवर गुणवंत ज्युनिअर इंजिनिअर होता. दुपारी दोन ते रात्री दहा ही त्याची पाळी. राहायला तो सरोजिनी नगरात. क्वार्टर बायकोच्या, हेमलताच्या नावावर होतं. ती एका मंत्रालयात कारकून होती. रोज स्कूटरवरून यायचं आणि जायचं.

त्या उन्हाळ्यात वीज पुरत नव्हती. घरोघर कूलर आले होते, नव्या ऑफिसांमधून एसी बसले होते, आणि वीज मात्र होती तेवढीच. वरून, मुख्य कंट्रोल रूममधून फोन यायचा, ‘इतना लोड उतारो,’ की गुणवंतने कुठल्यातरी भागाची वीज तोडायची. सबस्टेशनमधून निघणाऱ्या मोठ्या लाइनीला फीडर म्हणत. तीन नंबरचा फीडर जुन्या गावाचा. पाच नंबरचा नव्या सोसायट्यांचा आणि त्यांच्या रस्त्यांवरच्या दिव्यांचा. कुणाची वीज कधी जाणार, त्याच्या पाळ्या लावलेला तक्ता भिंतीवर टांगला होता.

मंगळवारी रात्री पाळीप्रमाणे त्याने तीन नंबर बंद केला, आणि पाऊण तासात गावातून पन्नास-साठ माणसं काठ्या घेऊन आली. लाइनमन हरीश, पन्नाशीचा, रोहतककडचा माणूस, त्यांना समजवायला पुढे गेला. त्याच्या खांद्यावर वीट बसली. सबस्टेशनच्या खोलीची काच फुटली. गुणवंत टेबलाखाली बसून होता. पोलीस येऊन गेले तरी त्याला किक मारायला जोर येईना म्हणून हरीशनेच दुखऱ्या खांद्याने त्याची स्कूटर सुरू करून दिली होती.

बुधवारी रात्री नऊनंतर पुन्हा तीन नंबरचीच पाळी होती.

नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. गुणवंतने ऐकून घेतलं आणि तो पॅनेलसमोर जाऊन उभा राहिला. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावला होता, त्याच्या फटीतून गरम वारा येत होता.

“साब, आज भी बारी तो तीन की है,” हरीश मागून म्हणाला.

“मालूम है.”

सोसायटीवाले काठ्या घेऊन येत नसत. ते फोन करून इंग्रजीत ओरडायचे, एवढंच. गुणवंतने पाच नंबरचा दांडा फिरवला. लॉगबुकात लिहिलं: फीडर पाच, बंद, २१:०५. कारणाचा रकाना त्याने कोरा सोडला.

मग तो बाहेर ओट्यावर आला. समोरची अख्खी नगरी नाहीशी झाली होती. दोन दिवस धुळीचं वादळ येऊन गेलेलं, हवेत अजून माती तरंगत होती, चंद्र नव्हता. एवढ्या इमारती, पण त्यांची एक कडासुद्धा दिसत नव्हती. जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात विमानतळाकडून नेहमीचा आवाज आला. दर थोड्या वेळाने एखादं विमान डोक्यावरून जायचं, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण बाहेर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तो बघत राहिला. दोन पंख्यांचं लहान विमान होतं. त्याचे लाल-पांढरे दिवे वर चढले, डावीकडे वळू लागले. ते वळण थांबेचना. दिवे एकमेकांवर चढल्यासारखे कलत गेले, आवाज बारीक आणि कर्कश झाला, आणि गुणवंतच्या लक्षात आलं की विमान खाली येतंय.

आग नव्हती, धूर नव्हता. घसरगुंडीवरून पोर उतरावं तसं ते सरळ उतरत गेलं आणि काळोखात बुडालं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पलीकडे नारिंगी उजेड फुटला, त्या उजेडात इमारतींच्या कडा अचानक दिसू लागल्या, आणि मग तो दणका आला. कानांच्या आधी तळपायांना जाणवला.

“हे राम,” हरीश म्हणाला. “साब, जहाज गिर गया.”

गुणवंत आत धावला. कुणाला विचारलं नाही, काही नाही, पाच नंबरचा दांडा त्याने पुन्हा वर केला. उजेड हवा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. खिडकीबाहेर नगरी लखलखली. लॉगबुकात त्याने लिहिलं: चालू, २१:१२. अक्षर इतकं वाकडं आलं की दुसऱ्याच कुणाचं वाटावं.

लगेच फोन. “किसने बोला चालू करने को?” वरून आवाज चढला होता. गुणवंतने फोन पुढे केला. हरीशनेच फोन घेऊन सांगितलं. पाठोपाठ पोलिसांचा फोन: शेतात विजेच्या तारा तुटून पडल्या आहेत, लोक धावत निघालेत, शेतांची लाइन ताबडतोब तोडा. ती त्याने तोडली. हरीश टॉर्च आणि रबरी हातमोजे घेऊन सायकलवर गेला आणि गुणवंत एकटा उरला.

एकटा बसल्यावर तो विचार आला. चालवणाऱ्याला खाली काय दिसलं असेल? मी जमिनीवर पाय रोवून उभा होतो, तरी मला आभाळ कुठलं ते कळत नव्हतं. तो तर वर होता, कलत चालला होता. गुणवंत उठून मोरीत गेला, ओकला, तोंड धुऊन परत खुर्चीत बसला. त्याला सोडवायला यायचा तो रात्रपाळीचा माणूस बंद रस्त्यांमुळे पहाटेपर्यंत पोचलाच नाही. प्रत्येक वेळी फोन वाजला की त्याला वाटायचं, आता विचारतील.

हरीश अडीचला आला. अंगाला जळकट वास, पायजमा गुडघ्यापर्यंत ओलवलेल्या शेतातल्या चिखलाने भरलेला. मागचा तुकडा शाबूत राहिला, तो म्हणाला. त्यातून आठ जण निघाले. बाकीचे छत्तीस गेले. एक हवाई सुंदरी वाचली होती, पाय मोडलेला. हरीशने तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं.

“वो एक ही बात बोले जा रही थी,” हरीश म्हणाला. “बाहर कुछ नहीं था. बाहर कुछ नहीं था.”

गुणवंतने हेमलताला तीन दिवस काही सांगितलं नाही. ड्यूटीवर होतो, उजेड पाहिला, एवढंच म्हणाला. पण घरावरून विमान गेलं की तो जेवता जेवता थांबायचा. नऊ वर्षांच्या अवनीच्या ते लक्षात आलं आणि तीही थांबायला लागली. दोघं बापलेक घास हातात धरून छताकडे बघत, आवाज दूर जाईपर्यंत.

वर्तमानपत्रांत रोज नवं काहीतरी येत होतं. कुणी म्हणे बॉम्ब, कुणी म्हणे पक्षी. ज्या खाजगी कंपनीचं विमान होतं ती दोनच वर्षांपूर्वी निघाली होती. विमानात कसलाही दोष नव्हता, असं कंपनीने छापून आणलं. त्यांच्या मते हवा बरी होती, खाली वस्तीचे दिवे होते, तरी कॅप्टन केतन मेहरांनी उड्डाणानंतर दोन मिनिटांत ताबा घालवला. ते थकलेले असावेत, किंवा आणखी काही. त्या ‘आणखी काही’चा अर्थ दुसऱ्या दिवशी एका पेपराने उघड छापला: दारू.

चौथ्या दिवशी चौकशी समितीचं पत्र आलं. सोमवारी लॉगबुकासह हजर राहा. त्याच संध्याकाळी गुणवंतचे वरिष्ठ भाटिया साहेब सबस्टेशनवर आले. त्यांनी दार लावून घेतलं, लॉगबुक उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“देखो खोब्रागडे, शून्य का दो बन जाता है,” ते हळू आवाजात म्हणाले. “और एक का तीन. इक्कीस पच्चीस बंद, इक्कीस बत्तीस चालू. मतलब जहाज गिरने के बाद. ऊपर मेरी बात हो गयी है. तुम घर ले जाओ, आराम से करो.” मग जरा थांबून म्हणाले, “बारी के बाहर का फीडर काटा है तुमने. यह बात निकली तो मैं नहीं बचा पाऊँगा. पुलिस केस भी बन सकता है. छत्तीस आदमी हैं.”

गुणवंत फक्त ‘जी’ म्हणाला.

लॉगबुक वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने घरी आणलं. रात्री अवनी झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून तो पेन हातात घेऊन राहिला. हेमलता पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली.

“हे काय आणलंय?”

मग त्याने सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती खाली फरशीवर बसली.

“बदलून टाका,” ती म्हणाली. “अहो, मेलेल्यांचे नातेवाईक आहेत. वीज गेली म्हणून तुमच्या काचा फोडल्या लोकांनी. हे कळलं तर इथे येतील. अवनी दुपारी एकटी असते घरात.”

“तेच डोक्यात आहे माझ्या.”

त्याने पेनाचं टोपण काढलं. हात थरथरत होता. असा हात लागला तर शून्याचा दोन झालेला आंधळ्यालाही कळला असता. तो हात स्थिर व्हायची वाट बघत बसला. हेमलता त्याच्याकडे नाही, लॉगबुक गुंडाळलेल्या पेपराकडे बघत होती. त्यावर कॅप्टनच्या बायकोचा फोटो होता. ती ओढणीने तोंड झाकून गाडीत बसताना काढलेला.

“कंपनी म्हणते खाली दिवे होते,” हेमलता म्हणाली.

“हो.”

“आता तुम्ही पण तेच लिहून देणार. मग दोष कुणाचा?”

“कॅप्टनचा.”

“आणि विमानातच काही बिघडलेलं असलं तर?”

गुणवंतने लॉगबुकाचं पान सरळ केलं.

“त्यांची बाकीची विमानं उडताहेत ना अजून?” तिने विचारलं. “आमच्या सेक्शनमधली केतकी परवाच गेली त्यांच्याच विमानाने. तिकिटं मिळत नाहीत म्हणे, एवढी गर्दी आहे.”

कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो कोरडा घरघरत होता.

“हरीशला पण विचारतील,” ती शेवटी म्हणाली. “त्याला काय शिकवणार तुम्ही? त्या मुलीला खाटेवर घालून आणलं त्याने.” मग तिने पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. “मला भीती वाटतेय. खूप वाटतेय. अवनीला थोडे दिवस शेजारी ठेवू. पण हे नका करू.”

सोमवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी इमारतीत तो हजर झाला. लांब टेबलापलीकडे तीन जण होते. त्यांतले मधले परीक्षित बाळ, हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक. एका बाजूला कंपनीचा वकील. मागच्या रांगेत भाटिया साहेब बसले होते आणि त्यांची नजर गुणवंतला मानेवर जाणवत होती. जाताना जिन्यात त्यांनी विचारलं होतं, ‘हो गया ना?’ आणि गुणवंत उत्तर न देता वर चढला होता.

“पाच नंबर कब बंद किया आपने?” बाळांनी विचारलं.

“इक्कीस पाँच को, सर.” त्याचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. “और इक्कीस बारह को चालू किया. गिरने के बाद.”

मागे खुर्ची करकरली. बाळांनी लॉगबुक जवळ ओढलं. त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि कोऱ्या रकान्यावर थांबलं.

“यहाँ कारण नहीं लिखा.”

वरून आदेश होता, असं म्हणून तो सुटू शकला असता. आदेश होताच. पण एवढं बोलून झाल्यावर उरलेलं पोटात ठेवून घरी जायची त्याला जास्त भीती वाटली.

“सर, बारी तीन नंबर की थी. गाँव की. एक दिन पहले वो लोग मारने आये थे. मैं डर गया था. इसलिए पाँच काटा.”

वकील ताडकन उठला. म्हणजे ह्या माणसाने बेकायदा अंधार केला, आणि त्या अंधारामुळेच अपघात झाला, हे नोंदवून घ्या, असं तो इंग्रजीत जोरजोरात म्हणू लागला. गुणवंतने टेबलाची कड धरली. आता पोलीस, आता घर, आता अवनी.

बाळांनी वकिलाचं बोलणं संपू दिलं. मग समोरचा एक कागद उचलून ते शांतपणे, इंग्रजीतच म्हणाले, “तुमच्या लेखी निवेदनात आहे की खाली वस्तीचे दिवे होते आणि कॅप्टनला ते दिसत होते. ते आता मागे घेताय का?”

वकील खाली बसला.

चहाच्या सुट्टीत गुणवंत व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. बाळ कप घेऊन त्याच्याजवळ आले आणि मराठीत म्हणाले, “नागपूरचे का?”

“हो, सर.”

“हे बघा खोब्रागडे. कॉकपिटमध्ये एक गोल उपकरण असतं. त्यात आभाळ आणि जमीन यांची रेघ दिसते. विमान किती कललंय ते रात्री त्याच्यावरूनच कळतं. आपल्या शरीराला कळत नाही. कललेलं विमानसुद्धा सरळ वाटतं. ते उपकरण अडकलं तर माणूस बाहेर बघतो. बाहेर दिवे असते आणि तरी तो पडला असता, तर तो बेसावध होता असं मला लिहावं लागलं असतं. ते उपकरण असलेला भाग तर अजून आम्ही चिखलातून काढलाही नव्हता, गरज नाही असं चाललं होतं. आता काढायला लावतो.”

गुणवंतने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. “सर, दिवे असते तर?”

बाळांनी कप कठड्यावर ठेवला. “कदाचित वाचले असते,” ते म्हणाले. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार नाही. पण विमान अंधारातही उडता आलं पाहिजे. रात्री अर्धा देश काळाच असतो.”

त्या ‘कदाचित’ने गुणवंतला पुढचे कित्येक महिने झोपू दिलं नाही. भाटियांनी त्याला आठवड्याच्या आत निलंबित केलं. घरी बसून तो दाराची कडी दहादा तपासायचा. बाहेर अनोळखी माणूस दिसला की अवनीला आत बोलवायचा. एकदा दुपारी दोन माणसं घर शोधत आली, तेव्हा तो मोरीत जाऊन उभा राहिला. ती मतदारयादीची माणसं होती. मेलेल्यांच्या नातेवाइकांपैकी कुणी कधीच आलं नाही.

ते उपकरण ऑगस्टमध्ये मिळालं. आतली चकती एका जागी घासून अडकली होती. कॅप्टनला ते विमान उजवीकडे कललेलं दाखवत होतं आणि सरळ करायला म्हणून तो ते डावीकडे आणखी कलवत गेला. सहवैमानिकापुढचं उपकरण ठीक होतं, पण तो नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. कॉकपिटमधलं बोलणं नोंदणाऱ्या टेपवर तो फक्त ‘सर’ म्हणाला, दोनदा. त्या उपकरणाची तक्रार आधीच्या पंधरवड्यात दोन वैमानिकांनी लिहून ठेवली होती आणि दोन्ही तक्रारींपुढे एकाच अक्षरात ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा होता. सुटा भाग शिल्लक नव्हता आणि विमान थांबवायला कुणी तयार नव्हतं. कंपनीची उरलेली सहाही विमानं खाली उतरवून तपासली, तेव्हा दोन विमानांत तशीच झिजलेली चकती निघाली.

अहवाल फेब्रुवारीत आला. हेमलताने मंत्रालयातल्या ओळखीने त्याची झेरॉक्स मिळवली. रविवारी सकाळी ऊन खात बाल्कनीत बसून तिने ती गुणवंतला वाचून दाखवली. अपघाताचं कारण: उपकरणातला बिघाड, आणि तक्रारी असूनही विमान उडू देणं. कॅप्टन मेहरांच्या रक्तात दारूचा अंश नव्हता, हेही स्वतंत्रपणे लिहिलं होतं. एकसष्टाव्या पानावर एक वाक्य होतं: मार्गाखालच्या वस्तीचा वीजपुरवठा त्या वेळी बंद असल्याने वैमानिकाला बाहेरचा आधार मिळाला नाही, हे कारण नव्हे, पण सहायक परिस्थिती. गुणवंतचं नाव नव्हतं. फक्त ‘सबस्टेशन ऑपरेटर’.

“बाबा, सहायक म्हणजे?” अवनीने विचारलं. ती दारात कधी येऊन बसली होती कुणाला कळलं नव्हतं. “हेल्प करनेवाला?”

हेमलताने कागद मिटले. पण गुणवंत म्हणाला, “हो. अपघात व्हायला ज्याची मदत झाली ते.”

“और ऑपरेटर कौन था?”

“मी.”

अवनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय ते बघायचं त्याला धाडस होत नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली नाही. त्याने तिला काठ्यांचं सांगितलं, टेबलाखाली बसल्याचं सांगितलं, दांडा फिरवल्याचं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण वगळलं काही नाही. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “अजून डर लगता है?”

“लगता है,” तो म्हणाला.

ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली.

मार्चमध्ये निलंबन उठलं. ताकीद देऊन त्याची बदली मीटर तपासणीच्या खोलीत झाली, यमुनेपलीकडे, मयूर विहाराच्या बाजूला. तिथे दांडे नव्हते, फोन नव्हता. एका ओळीत मीटरं लावलेली असायची आणि ती बरोबर फिरतात की नाही ते बघायचं. पहिल्या दिवशी एक मीटर किंचित मागे पडत होतं. बाजूचा माणूस म्हणाला, “चलता है यार, ठीक है लिख दो.” गुणवंतने ते मीटर काढलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला.